जाड टायरची सायकल

नागपुरात शिलाई मशीन दुरुस्त करणारे पुष्कळ आहेत, पण घरी येऊन दुरुस्त करणारे कमी. प्रशिक घरी जायचा. इंदोऱ्याहून निघून महाल, गांधीबाग, धरमपेठ, कधी पार कामठीपर्यंत. मोपेडवर पायांमध्ये अवजारांची पिशवी ठेवून तो वीस वर्षं फिरला. मशीन उघडली की त्याला डोळ्यांची फारशी गरज पडत नसे. धागा कुठे अडकतोय, सुई किती खाली उतरतेय, हे त्याची बोटंच सांगत.

चाळिशी उलटली आणि लायसन्सची मुदत संपली. या वयात डॉक्टरचा दाखला लागतो, म्हणून तो डोळे तपासायला गेला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी त्याला एका यंत्रात हनुवटी टेकवायला लावली आणि बारीक दिवा दिसला की बटण दाबायला सांगितलं. प्रशिक दिव्यांची वाट पाहत बसला. मधोमध दोन-चार दिसले. त्याला वाटलं, खरी तपासणी अजून सुरूच व्हायची आहे. तेवढ्यात बाई म्हणाल्या, झालं, उठा.

डोळ्यांच्या पडद्याचा आजार होता. बाजूचं दिसणं हळूहळू मिटत जातं, समोरचं त्यातल्या त्यात टिकतं. औषध नाही. किती वर्षं, ते सांगता येत नाही. दाखला काही त्यांनी दिला नाही. गाडी चालवू नका, असं त्यांनी दोनदा सांगितलं.

घरी त्याने यातलं काहीच सांगितलं नाही. रात्री त्याला कमी दिसतं, हे त्याची बायको सरिता जाणून होती. संध्याकाळनंतर तो गाडी काढत नसे. तिला तो एवढंच म्हणाला, की मोपेड खटारा झाली आहे, पेट्रोल परवडत नाही, इलेक्ट्रिक सायकल घेऊ. हळू चालणाऱ्या सायकलला लायसन्स लागत नाही, हे त्याने जाता जाता सांगितल्यासारखं सांगितलं. आणि घ्यायची तर जाड टायरची. जाड टायर खड्ड्यातून सहज निघतं, असं त्याचं म्हणणं. हल्ली खड्डा त्याला चाक आत गेल्यावरच कळायचा, हे मात्र त्याने तिला सांगितलं नाही.

सरिता घरी साड्यांना फॉल-पिको करायची. तिने सायकलचं काम मनावर घेतलं. मोपेड विकून आलेले धरून पस्तीस हजार जमत होते. मोबाइलवर पाहून, शेजाऱ्यांना विचारून तिने तीन सायकली काढल्या आणि त्यांची माहिती वहीत लिहिली. एक धरमपेठेतल्या दुकानात होती. तिला मागे मजबूत सीट, बॅटरी काढून घरात चार्ज करता येणारी, पण किंमत बजेटच्या बरीच वर. दुसरी मोबाइलवरून मागवायची, स्वस्त आणि दिसायला देखणी; पण बिघडली तर नेणार कुठे, याचं उत्तर कंपनीकडे नव्हतं. तिसरी सावनेरची, एका पोराने वर्षभर वापरलेली. तिची बॅटरी आता किती टिकेल, कोणी छातीठोक सांगत नव्हतं.

दोघं आधी धरमपेठेत गेले. दुकानदार उन्मेष बोलायला गोड होता. पायाने पॅडल मारता येतं, बॅटरी संपली तरी अडत नाही, ब्रेक दोन्ही चाकांना, असं त्याने सगळं समजावलं. सरिताने टायर दाबून पाहिलं, सीटवर बसून पाहिलं. प्रशिकला चालवून बघा म्हटल्यावर त्याने रस्त्याकडे पाहिलं. एका बाजूने मोटारी, दुसऱ्या बाजूने ऑटो. एवढ्या गर्दीत काय चालवणार, असं म्हणून त्याने टाळलं. किंमत ऐकून सरिताने वही मिटली. हप्त्याने घ्या, असं उन्मेष म्हणाला, पण हप्त्याच्या कागदांवर लायसन्स मागतील की काय, या भीतीने प्रशिकने विषय तिथेच संपवला.

रविवारी ते बसने सावनेरला गेले. सायकल विकणारा पियूष खाणीच्या बाजूला एका मोकळ्या मैदानाजवळ राहायचा. स्वभावाने सरळ पोरगा. बॅटरी पूर्वीइतकी चालत नाही, हे त्याने आपणहून सांगितलं. प्रशिकला मैदान आवडलं. समोर काहीच नव्हतं. लांबवर नुसती सपाट, कोळशाच्या धुळीने काळवंडलेली जमीन. तो सीटवर बसला, मूठ हलकेच फिरवली आणि सायकल निघाली. जाड चाकं दगडगोट्यांवरून मऊ चालली. किती तरी दिवसांनी त्याला हातपाय सैल वाटले. त्याने एक मोठा फेरा घेतला, दुसरा घेतला. सरिता कडेला उभी राहून हसत होती.

तिसऱ्या फेऱ्यात डावीकडून गावातला धोंडबा आला. सत्तरीचा माणूस, डोक्यावर जळणाचा भारा, चालणं हळू. भर दुपारच्या उन्हात, मोकळ्या मैदानात तो सगळ्यांना दिसत होता. प्रशिकला तो दिसला तो थेट हँडलसमोर. त्याने ब्रेक दाबला, पण सायकल जाऊन आदळलीच. धोंडबा हातावर पडला, भारा सुटून काटक्या पसरल्या.

पियूष आणि सरिता धावले. म्हाताऱ्याचं मनगट बघता बघता सुजलं. जवळच्या दवाखान्यात नेलं तर हाडाला चीर निघाली. प्लास्टर होईस्तोवर प्रशिक बाकड्यावर बसून होता. त्याने पियूषला सांगितलं, ब्रेक लागला नाही. पियूषने सायकल सोबतच आणली होती. बाहेर जाऊन सायकल पळवून, ब्रेक दाबून आला आणि म्हणाला, "काका, ब्रेक लागून राहिला. जागच्या जागी थांबते." ते ऐकून प्रशिकने मान खाली घातली. धोंडबा मात्र त्याचीच समजूत काढत होता. "होते गा कधी कधी. तू काई मुद्दाम नाई केलं." त्या बोलण्याने प्रशिकला जास्तच लाजल्यासारखं झालं. खिशात होते तेवढे पैसे त्याने दवाखान्यात भरले आणि ते परत निघाले. सायकल घेण्याची गोष्ट कोणीच काढली नाही.

बसमध्ये प्रशिक खिडकीशी बसला, सरिता त्याच्या उजव्या हाताला. पाटणसावंगीचा थांबा गेला. मग तिने हातातलं तिकीट त्याच्या कानाच्या जरा पुढे धरलं, गालापासून वीतभर लांब, आणि हलवलं. तो समोरच्या सीटकडे बघत राहिला. तिने तिकीट थोडं पुढे आणलं. अजून पुढे. ते जवळजवळ नाकासमोर आलं तेव्हा तो दचकला.

"कवापासून?" तिने विचारलं.

त्याने सगळं सांगितलं. ते यंत्र, न दिसलेले दिवे, न मिळालेला दाखला. ती ऐकत राहिली. रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"मले काहून नाई सांगितलं?"

"सांगून काय झालं असतं वं? तू नको चालवू म्हटलं असतं. मंग घर कसं चालवाचं?"

तिने तिकिटाची घडी करत करत त्याचा बारीक चौकोन केला. मग ती म्हणाली, "त्या म्हाताऱ्याचं नुस्तं हातावर निभावलं. शाळेचं लेकरू असतं तं?"

पुढचे दोन महिने प्रशिक सिटीबसने फिरला. बस बदलत दिवसाला दोन घरं होत, कधी एकच. उतरल्यावर बस दिसेनाशी होईपर्यंत तो फुटपाथवर उभा राहायचा, मग एकेक पाऊल टाकायचा. गांधीबागेतल्या ब्लाउज शिवणाऱ्या चारुलताबाईंनी दोनदा वाट पाहून दुसरा माणूस धरला. त्यांनी फोनवर चांगल्या शब्दांत सांगितलं. त्याने हो हो म्हटलं आणि फोन ठेवला.

शेवटी सरितानेच ठरवलं की ती चालवायला शिकेल. सदतिसाव्या वर्षी. ती आयुष्यात साध्या सायकलवरही बसलेली नव्हती. शेजारच्या मयुराने शाळेच्या आवारात तिला आपल्या सायकलवर शिकवलं. प्रशिक मागून कॅरिअर धरून चालायचा. ती दोनदा पडली, एकदा चांगलं कोपर सोलवटून घेतलं. प्रत्येक वेळी तो तिला उचलायला वाकायचा आणि ती नेमकी कुठे पडली आहे हे त्याला शोधावं लागायचं. ती म्हणायची, "इकडे, इकडे आहो मी." पंधरवड्यानंतर ती न पडता आवाराला फेऱ्या मारू लागली.

मग धरमपेठेतलीच सायकल घ्यावी लागली. आता मागे माणूस बसवायचा होता आणि तेवढी मजबूत सीट त्या एकीचीच होती. सरिताने कानातलं मोडलं, उरलेले हप्ते तिच्या नावावर बांधले. तिच्याकडे कोणी लायसन्स मागितलं नाही. उन्मेषने पेढा दिला आणि चावी सवयीने प्रशिकच्या हातात ठेवली. प्रशिकने ती सरिताला दिली.

आता सकाळी दहाला दोघं निघतात. गिऱ्हाइकाकडे तो मशीन उघडतो, ती दाराशी बसून सोबत आणलेल्या साडीला फॉल लावते. तिचं स्वतःचं फॉल-पिकोचं काम मात्र निम्म्यावर आलं आहे. गिऱ्हाइकं तिच्याशी बोलतात, पत्ता तिला सांगतात, पुन्हा कधी येणार हे तिलाच विचारतात. मागे बसलेल्या प्रशिकला जाड चाकांवरूनही प्रत्येक खड्डा कळतो. तो पिशवी मांडीवर धरून बसतो. कुठे वळलो, कोणता चौक गेला, हे पूर्वी त्याला पाठ होतं. आता कळत नाही आणि तो विचारतही नाही.

परवा कामठी रोडवर सरिताला उजवीकडे वळायचं होतं. तिला आरशात बघणं अजून नीट जमत नाही. चालताना मान वळवली तर हँडलही वळतं, थांबून वळवली तर मागे प्रशिकच आड येतो. कडेला सायकल थांबवून ती म्हणाली, "मागून काई येऊन राहिलं काय, पाहा बरं."

बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं.

प्रशिकने मान मागे वळवली, खांद्यासकट, जितकी वळेल तितकी. रस्त्याचा एक तुकडा दिसला, त्यात एक पांढरी मोटार. ती गेली. तुकड्याच्या अलीकडे काय होतं, पलीकडे काय होतं, ते त्याला दिसत नव्हतं. नुसते आवाज येत होते, ट्रकचे, हॉर्नचे, आणि त्यांतला कोणता जवळचा, कोणता लांबचा, ते ठरत नव्हतं.

"थांब," तो म्हणाला.

ती तशीच थांबली. ट्रक गेला, मागून बस गेली, दोन ऑटो गेले. रस्ता मोकळा झाला की नाही, हे दोघांपैकी कोणालाच खात्रीने सांगता येत नव्हतं. सरिता दोन्ही पाय जमिनीला टेकवून, ब्रेक घट्ट दाबून उभी राहिली. प्रशिक तिच्यामागे मान वळवून बसून राहिला.