अंदमानचं मावंदं

काशीहून परतलेल्या माणसाचे गावानं पाय धुवायचे नि त्यानं गावाला मावंद्याचं जेवण घालायचं, ही रिठदची रीत. पण अंदमानला हवा खायला गेलेल्या माणसाकडूनही ते जेवण उपटायचं, ही अक्कल इंद्रभान सरांच्या चुलत बहिणीची, नानीबाईची. एवढा समुद्र ओलांडला, त्यात अंग बुडवलं, म्हणजे तीर्थच झालं, असं तिनं ठरवून टाकलं. सरांनी आढेवेढे घेतले नाहीत. जन्मभर शाळेत शिट्टी फुंकून कवायत घेणाऱ्या माणसाला, गाव आपले पाय धुणार म्हटल्यावर, नाही कसं म्हणवेल?

तिथल्या एका दिवसाची कथा सर आल्यापासून सांगत सुटले होते. सकाळी किनाऱ्याच्या कडेकडेनं डोंगरवाटेची पायपीट, दुपारी तोंडात नळी धरून समुद्रात डुबकी. पायपीट खरी होती. सर सगळ्यांच्या पुढे निघाले आणि पहिल्याच चढावर सगळ्यांच्या मागे पडले. डुबकीचं मात्र वेगळं होतं. तिथल्या माणसानं डोळ्यांवर काच नि तोंडात नळी चढवली, सर गुडघाभर पाण्यात गेले, एक लाट पोटाला लागली आणि त्यांना एकाएकी आपलं ब्लडप्रेशर आठवलं. ते रेतीवर येऊन दोघांच्या चपला राखत बसले.

उतरली ती भागिरथा, त्यांची बायको. मानोऱ्याजवळच्या माहेरी, पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून ती विहिरीत पोहायला शिकली होती. लग्नानंतर पाण्याशी संबंध उरला तो धुण्याभांड्यापुरता. ती गेली ती बराच वेळ आलीच नाही. पाण्यावर नुसती नळी दिसत होती आणि सरांचा जीव टांगणीला लागला होता. बाहेर आली तेव्हा ती हसतही होती आणि रडतही होती. "मासे भेत नाईत हो माणसाले," एवढंच म्हणाली. इतक्या वर्षांच्या संसारात सरांनी तिचा असा चेहरा पाहिला नव्हता. तो आपल्यामुळे झाला नाही, याचं त्यांना वाईट वाटलं.

गावात आल्यावर कोणीतरी विचारलं, सर, तुम्ही पाण्याखाली गेले होते का? सर 'हो' म्हणून गेले. भागिरथा शेजारीच उभी होती, ती पिशव्या उचलून घरात गेली. मग शेलूबाजारच्या जीपमध्ये त्या 'हो'ला एक कासव चिकटलं आणि शाळेत पोचेपर्यंत शार्कही आला.

मावंद्याच्या दिवशी अंगणात पाट मांडला. ज्यानं डुबकी मारली त्याचेच पाय धुवायचे, असं बजावत नानीबाई परात घेऊन आली. सर बसले. पायांवर पाणी पडलं, तेवढ्यात चुलीपाशी पुऱ्या लाटणाऱ्या भागिरथेला एकीनं विचारलं, मग तू काय केलं तिथं?

"मी यायच्या चपला राखत होती," ती मान वर न करता म्हणाली.

बायका खो खो हसल्या. विमानात बसून चपला राखायला गेली होतीस का, म्हणाल्या. ते हसणं सरांच्या जिव्हारी लागलं. त्यांना लाज वाटली, निखळ लाज. परातीतून पाय काढून ते उभे राहिले.

"चपला मी राखल्या. पाण्यात भागिरथा उतरली. मी भेलो होतो."

मग नानीबाईनं डोळ्यांना पदर लावला.

"पाहा वं बाई, बायकोचा मान ठेवाले भाऊ सोताले भेकड म्हणून राह्यला. असा नवरा भेटाले पुण्याई लागते."

ते सगळ्यांना पटलं. सरांनी शपथ घेतली, हवं तर माशांचे रंग तिलाच विचारा म्हणाले. पण खरं बोलावं तसतसे ते आणखीच थोर होत गेले. शेवटी चौघांनी धरून त्यांना पाटावर बसवलं आणि पाय पुन्हा पहिल्यापासून धुतले. पहिला नमस्कार बायकोनंच करायचा, असं ठरलं.

भागिरथा पिठाचे हात पुसत आली. सरांना तिच्याकडे बघवेना. ती वाकली आणि फक्त त्यांनाच ऐकू जाईल असं म्हणाली, "राहू द्या आता. मासे तं मलेच दिसले."