नागोरावांच्या कानशीचा जबाब

मी कानस बोलतेय. लोखंड घासून किल्लीला दात पाडणारी, वीतभर लांबीची. सध्या पोलीस चौकीच्या कपाटात, लाखेची मोहर लावलेल्या पाकिटात आहे. जबाब सगळ्यांचे झाले. माझा कुणी घेतला नाही.

बोहरी आळीतल्या एका दुकानातून नागोरावांनी मला विकत घेतलं, तेव्हा ते यवतमाळहून नुकतेच पुण्यात आले होते. मंडईच्या कडेला, छत्रीखाली, किल्ल्या करून देण्याची त्यांची बैठक. माझी लाकडी मूठ त्यांच्या तळव्यात अशी बसली, की त्यांचा ताप, थकवा, आनंद सगळं मला आधी कळायचं. बावीस वर्षं त्यांचा एकच नेम होता: मूळ किल्ली दाखवा, नाहीतर कुलूप घेऊन या. साबणावर किल्लीचा ठसा घेऊन आलेल्याला ते हात जोडून परत पाठवत.

मग एके दुपारी त्यांचा भाचा सुदर्शन आला. नागोरावांनी वाढवलेला, बहिणीमागे राहिलेला एकुलता एक. त्यानं खिशातून साबणाची वडी काढली.

"काहून रे, मूळ किल्ली कुठं हाये?"

"मालकाकडे आहे, मामा. माझी रूमची हरवली. त्याला कळलं तर रूम खाली करायला लावेल."

नागोराव बराच वेळ त्या ठशाकडे बघत राहिले. मला हातात घेतलं, खाली ठेवलं, पुन्हा घेतलं. त्या दिवशी त्यांचा हात थरथरत होता. पण भाच्याला नाही कसं म्हणायचं?

किल्ली झाली.

चार दिवसांनी त्याच किल्लीनं बिबवेवाडीतल्या उल्काबाई नावाच्या निवृत्त शिक्षिकेचं घर उघडलं गेलं. बाई अचानक घरी परतल्या. पळता पळता चोरानं त्यांना जिन्यावरून ढकललं. कंबर मोडली. सुदर्शन पकडला गेला आणि म्हणाला, "किल्ली मामांनी करून दिली."

फौजदार निशा मॅडमनी नागोरावांना चौकीत बोलावलं. मला जप्त करून टेबलावर ठेवलं होतं.

"काका, चोर म्हणतो म्हणून मी तुम्हाला साथीदार धरणार नाही. चोर कुणाचंही नाव घेतो. म्हणून विचारते. चोरीचं माहीत होतं?"

"नाही मॅडम. देवाशप्पथ."

"ठसा साबणावर होता?"

"होता."

"तेव्हा संशय आला नाही?"

उलट प्रश्न विचारणारा वकीलही नव्हता, घाईही नव्हती. 'नाही' एवढंच म्हणायचं होतं. नागोरावांनी माझ्याकडे पाहिलं.

"आला होता."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. खिडकीबाहेर बघितलं. मग पुन्हा उचललं. अटकेचं कारण लेखी द्यावं लागतं, म्हणून त्यांनी लिहिलं: संशय येऊनही किल्ली करून दिली. नागोरावांनी चष्मा लावून कागद वाचला. "बरोबर लिहिलंत," म्हणाले, आणि सही केली.

बाहेर त्यांची मुलगी श्रद्धा रडत होती. "बाबा, एक शब्द खोटा बोलला असता तर काय बिघडलं असतं?"

"घासताना माझा हात कापत होता, पोरी. ते मले ठाऊक हाये ना."

नागोरावांना जामीन मिळाला. आता दर सोमवारी ते हजेरीला येतात. पाकिटात असले तरी पावलं ओळखते मी. गेल्या सोमवारी श्रद्धा म्हणाली, "अर्ज केला तर तुमची हत्यारं परत मिळतील." पण नागोरावांनी मॅडमना विचारलं, "त्या बाई कशा हायेत?"

"चालतात आता काठीनं. पण दाराला आतून कपाट सरकवून झोपतात. कुलपावर विश्वास राहिला नाही म्हणतात."

मग नागोरावांचा आवाज आला, अगदी खालचा. "मी त्यांच्या दाराला चांगलं कुलूप बसवून देऊ काय? कितीही मजबूत. सगळ्या किल्ल्या त्यांच्याच हाती देईन."

मॅडम म्हणाल्या, "नको काका. तुमचं नाव काढलं तरी त्या थरथरतात."

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. पावलं दारापर्यंत गेली आणि तिथेच थांबली. मी त्यांच्या हातात असते तर निदान काही धरायला तरी झालं असतं.

मग श्रद्धा म्हणाली, "चला बाबा," आणि ते गेले.

मला न्यायाधीशांसमोर नेतील तेव्हा कुणी विचारणार नाही. म्हणून तुम्हाला सांगते: त्या माणसाला शंका आली होती, हे खरं. चोरी माहीत नव्हती, हेही खरं. दोन्ही लिहा.