नॉर्मल ताई

रक्ततपासणीच्या लॅबमध्ये सगळे तिला 'नॉर्मल ताई' म्हणत. रोज सकाळी पेशंटचे नमुने लावण्याआधी मशीन ताळ्यावर आहे ना, हे धडधाकट माणसाच्या रक्तावर बघायची तिथली पद्धत, आणि ते रक्त वर्षानुवर्षं ताईचं. एरवी तिला कोण विचारतंय! डबासुद्धा एकटीच खायची. पण सकाळी तिने बाही वर सरकवल्याशिवाय तिथलं पान हलत नसे. हा एवढाच मान तिच्या वाट्याला आला होता आणि तो ती जिवापाड जपायची.

एके दिवशी अंगातली सूज दाखवणारा आकडा भलताच चढला. "मशीन बिघडलं!" सगळे एका सुरात म्हणाले. ताईवर शंका घेण्याचं पाप कोण करणार? मेकॅनिकने मशीनची आतडी बाहेर काढली, हाती काही लागलं नाही. शेवटी शेजारच्या टेबलावरच्या बाईने स्वतःचं रक्त लावलं. आकडा जागेवर!

मग ताईच्याच तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी तिला बोलावलं.

"जंतू नाहीत, सांधे ठीक आहेत. घरी काही ताण?"

"छे हो."

"ताई, माणूस वर्षानुवर्षं धास्तीत राहिला की शरीर काठी घेऊन दारात बसतं. चोर नसतोच, मग घरातलीच भांडी फोडतं. आणि खरा चोर येतो तेव्हा हात उचलत नाही. तुमचं कापलेलं बोट किती दिवस चिघळतंय! घरी हातभार लावायला आहे ना कुणी?"

"आहेत की सगळे."

"उद्यापासून शेजारच्या टेबलावरच्या बाईंचं रक्त लावू. तुम्ही जरा आराम करा."

ती हसून हो म्हणाली आणि बाथरूममध्ये जाऊन रडली.

सगळे म्हणजे एकटी आई. म्हातारीची स्मरणशक्ती पुसली गेली होती. रात्री उठून दार उघडायची, गॅस सुरू करायची. पोटची लेक तिला पगारी बाई वाटे. भाऊ फोनवर तेवढा प्रेमळ.

संध्याकाळी ताई आईला भरवायला बसली. घास घेता घेता आई थांबली, तिच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिच्या गालावर हात ठेवला.

"बाई, तुझं काही खरं दिसत नाही गं. उद्या कामाला येऊ नकोस. घरी जा, आईजवळ निजून राहा."

"बरं," ताई म्हणाली, आणि तिथेच बसून राहिली.