पक्ष्यांना मोजता येत नाही

आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका लाल शाईने सुधारलेल्या एका निवृत्त मुद्रितशोधकाच्या शब्दापुढे प्रश्नचिन्ह लागलं होतं, आणि ते सोमवारी तसंच छापायला जाणार होतं.

झालं असं. मागच्या वर्षी समुद्रालगतच्या दलदलीत त्यांनी काळ्या टोपीचा खंड्या पाहिला. निळी पाठ, लालभडक चोच, डोक्यावर काळी टोपी. शंकेला जागाच नव्हती. पक्षीमंडळाच्या बैठकीत त्यांनी तसं चाचरत सांगितलं. मंडळाचे सचिव दातांचे डॉक्टर. त्यांनी विचारलं, "फोटो?"

फोटो नव्हता. डॉक्टरांनी मंडळाच्या छापायच्या यादीत खंड्यापुढे प्रश्नचिन्ह ठोकलं आणि वर म्हणाले, "या वयात डोळ्यांपुढे काळं येतंच हो. तुमच्या टोपीएवढं आलं असेल."

बावीस माणसं पोट धरून हसली. मुद्रितशोधकही हसले, कारण न हसणं उद्धटपणाचं दिसलं असतं. घरी येऊन मात्र त्यांनी भविष्यनिर्वाह निधीच्या पैशांतून हातभर लांब भिंगाचा कॅमेरा घेतला.

फोटोसाठी लपून बसायला हवं. चार काठ्या रोवून त्यांनी बायकोकडे जुनी चादर मागितली. तिने गुलाबी फुलांची दिली.

"अगं, ही लांबून दिसेल."

"मग काय, चांगली देऊ चिखलात घालायला?"

त्यांनी चादर उलटी टाकली. फुलं उलटीकडूनही तेवढीच गुलाबी होती.

शिवाय पुस्तकात एक युक्ती होती. लपणात दोघांनी जायचं आणि एकाने परत निघून जायचं. पक्ष्यांना मोजता येत नाही. त्यांना वाटतं, आले तसे गेले, जागा रिकामी. म्हणून रोज पहाटे बायकोला उठून त्यांच्याबरोबर चिखल तुडवत जावं लागे, आणि एकटीने परत यावं लागे.

"चौतीस वर्षं गणित शिकवलंय मी," ती म्हणायची. "मोजता न येणारे मला नवे नाहीत. पण त्यांच्यासाठी इतक्या लांब कधी गेले नव्हते."

अशा आठ पहाटा गेल्या. बगळे आले, तुतवार आले, एक मुंगूस येऊन त्यांची बिस्किटं घेऊन गेलं. खंड्या काही आला नाही. उरला एकच दिवस, शनिवार. रविवारी बैठक, सोमवारी छपाई.

शनिवारी स्टूल चिखलात पार वरपर्यंत रुतलं. मुद्रितशोधक गुडघ्यांवर आले. चादर मागून आखूड पडली, पण मागे बघतो कोण? समोरच्या खुंटावर नजर लावून ते श्वास धरून बसले. तेवढ्यात डोक्यावरच्या काठीवर टक, टक, टक असं वाजायला लागलं.

ही गेलीच नाही वाटतं. चेष्टा करतेय!

"अगं, बस कर!" ते दबक्या आवाजात खेकसले.

टक, टक.

"लाज वाटू दे जरा! माझ्या अब्रूचा प्रश्न आहे!"

आवाज थांबला. समोरचा खुंट नऊ वाजेपर्यंत रिकामाच राहिला.

घरी पोचताच ते कधी नव्हे ते कडाडले. "काठी कशाला वाजवत होतीस?"

"मी? मी तर बांधावरून तुमचा एक फोटो काढला, लेकीला पाठवला, आणि सरळ घरी आले."

तेवढ्यात लेकीचं उत्तर आलं. 'आई, हसून मेले! बाबांना पँट शिवून दे. आणि त्यांच्या डोक्यावर खेकडा आपटतोय तो पक्षी कुठला?'

मुद्रितशोधकांनी चष्मा पुसला. मोबाइलमध्ये गुलाबी फुलं होती. फुलांखालून त्यांची अख्खी मागची बाजू बाहेर होती, शिवणीवर उसवलेली, आतल्या पट्ट्यापट्ट्यांसकट. आणि बरोबर वर, काठीच्या टोकावर, चोचीत खेकडा धरून, काळ्या टोपीचा खंड्या.

"खालचं कापून टाकता येईल," बायको म्हणाली.

"नाही येणार. कापलेला फोटो मंडळाला चालत नाही. तो कुठलाही असू शकतो."

"मग राहू दे. एका प्रश्नचिन्हाने काय होतंय?"

ते रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिले.

रविवारी बैठकीच्या खोलीत पडद्यावर मुद्रितशोधकांचा पार्श्वभाग चार फूट रुंद झाला. बावीस माणसं खुर्च्यांवरून घसरायची बाकी राहिली. शेजारी ते उभे होते, कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल.

"ही व्यक्ती कोण?" डॉक्टरांनी डोळे पुसत विचारलं.

"मी," मुद्रितशोधक म्हणाले. यावेळी ते चाचरले नाहीत. "तुम्ही वर बघा."

डॉक्टर पडद्याजवळ गेले, दाढेतली कीड शोधावी तसे वाकून बघत राहिले.

"खंड्या आहे," ते शेवटी म्हणाले. "काळ्या टोपीचाच."

त्यांनी यादी पुढे केली. मुद्रितशोधकांनी खिशातलं लाल पेन काढलं, प्रश्नचिन्हावर काट मारली, समासात ते गाळण्याची खूण केली. मग थोडा विचार करून, छायाचित्रकाराच्या रकान्यात मागे बसलेल्या बायकोचं नाव नीट, सुवाच्य लिहिलं.

परतताना बायको म्हणाली, "मोजता येत नाही म्हणे! दोन गेले, एक परत आली. आत एक उरलाय, हे त्या खंड्याला चांगलं ठाऊक होतं."

"मग तो बसला कसा?"

"आत तुम्ही आहात, हे बघून बसला."