बनावट ठरवलेली बाई

ज्या विषयावर बेंगळुरूच्या जयनगरमधल्या सुहास आगाश्यांना मत नाही, असा विषय अजून जन्माला यायचा होता. एका सरकारी कंपनीत रडारच्या सिग्नलांत त्यांची उभी हयात गेली. निवृत्तीनंतर माणसं बाग करतात, नातवंडं सांभाळतात. आगाश्यांनी यूट्यूबवर चॅनल काढलं. आज नवा चॅटबॉट किती मठ्ठ आहे ते सांगायचं, उद्या एखाद्या मंत्र्याच्या डिजिटल क्रांतीची सालं काढायची, परवा कुठल्या पक्षाच्या आयटी सेलने जुना फोटो नवा म्हणून खपवला ते चव्हाट्यावर मांडायचं. सोडायचं कुणालाच नाही. डावे त्यांना उजवा म्हणत, उजवे डावा म्हणत, आणि आगाशे या दोन्ही शिव्या छातीवर लावून फिरत. बोलायचे स्वच्छ पुणेरी मराठीत. मतं मोफत, पुरावे माझे, हे त्यांचं पालुपद. पुण्यामुंबईची लाखभर माणसं त्यांचं ऐकायची आणि खरं सांगायचं तर त्यांना ते फार आवडायचं.

महापालिकेच्या निवडणुकीचे दिवस होते. सोमवारी एक व्हिडिओ सगळ्या शहरभर फिरला. जुन्या पेठेतल्या एका अरुंद गल्लीत एक उमेदवार हात जोडून चाललाय, आणि साठीची एक बाई त्याच्या पुढ्यात उभी राहून गढूळ पाण्याची बाटली नाचवत त्याला कन्नडमध्ये झापतेय. आमच्या बोअरवेलमध्ये गटार मिसळलंय, पोरं आजारी पडलीत, तू इथे फुलं कसली उधळतोस? उमेदवाराचा एक माणूस तिला ढकलतो. बाई भिंतीवर आपटते, सावरते आणि मागे वळून कुणाला तरी भलत्याच भाषेत काहीतरी बोलते. तिथे व्हिडिओ संपतो. पक्षाने तासाभरात जाहीर केलं की हा व्हिडिओ एआयने बनवलेला आहे, अशी बाई अस्तित्वातच नाही.

पक्ष काय, म्हणणारच. पण आगाश्यांनी व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला आणि त्यांना तो खरोखरच खोटा वाटला. मग काय, वरच्या खोलीतला दिवा लावला, माईक पुढे ओढला आणि तीन पुरावे दिले. पहिला, बाईचे ओठ आणि आवाज जुळत नाहीत. दुसरा, बाटलीच्या कडा विरघळतात. तिसरा त्यांनी राखून ठेवला होता. “शेवटी ही बाई जे बोलते ते ना धड कन्नड ना धड मराठी. मी मराठी माणूस आहे, तीसेक वर्षं बेंगळुरूत राहतो. असं कुठलाही माणूस बोलत नाही. मशीनने दोन भाषांची खिचडी केली आणि तिथेच चोर सापडला.”

व्हिडिओ तुफान चालला. पक्षाने तो उचलला, खाली कन्नड अक्षरं डकवली आणि मराठी तज्ज्ञच सांगतोय म्हणून गल्लोगल्ली पाठवला. आगाशे चिडले, पण वरवर. ‘मी खरं बोललो, ते कुणाच्या पथ्यावर पडलं त्याला मी काय करू?’ असं ते स्वतःशी म्हणाले आणि किती लोकांनी पाहिलं ते पुन्हा एकदा बघून आले.

गुरुवारी सकाळी चहा पुढ्यात होता तेव्हा फोन आला.

“सर, मी चंदना बोलते. एचएसआर लेआउटला एका कंपनीत काम करते. तुमच्या व्हिडिओतली ती बाई आहे ना, ती माझी सासू. सकवारबाई.”

आगाशे सावध झाले. असले फोन त्यांना नवे नव्हते. “हे बघा, मी व्यक्तीबद्दल काही बोललो नाही. मी व्हिडिओबद्दल बोललो.”

“सर, तो व्हिडिओ मीच काढला. आई शेवटी माझ्याशीच बोलत होती.”

चंदनाचा आवाज चढला नव्हता, उलट थकलेला होता. “पाण्याचं सॅम्पल घ्यायला माणसं येणार होती, सर. मंगळवारी येतो म्हणाले. आले नाहीत. मी पाण्याच्या ऑफिसात गेले तर तुमचा व्हिडिओ दाखवला. तक्रार फेक आहे, बंद केली म्हणाले. आमच्या गल्लीत अर्ध्या घरांत जुलाब चालू आहेत. एक बाळ दवाखान्यात आहे.”

“मूळ फाइल पाठवा,” आगाशे म्हणाले. “फॉरवर्ड नको, फोनमधली मूळ पाठवा.”

फाइल दहा मिनिटांत आली. आगाश्यांनी ती मोठ्या पडद्यावर लावली. ओठ आणि आवाज नीट जुळत होते. बाटलीच्या कडा शाबूत होत्या, आतला गाळसुद्धा दिसत होता. हजार फोनांतून फिरून व्हिडिओचा जो चोथा झाला होता, त्यालाच ते पुरावा म्हणून बसले होते. सिग्नलमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला हे आधी सुचायला हवं होतं. मूळ फाइल मागायला हवी होती. कुणालातरी विचारायला हवं होतं.

पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. ते खोलीत येरझाऱ्या घालू लागले. खिडकीशी गेले, परत आले. चष्मा पुसला, तोच पुन्हा पुसला. तिसरा पुरावा अजून उभा होता ना! कुणीतरी बाईला शिकवून उभं केलं असेल. विरोधी पक्ष काय कमी आहे? चंदनाचं नाव त्यांनी चार ठिकाणी शोधलं. तिच्या कंपनीच्या पानावर तिचा हसरा फोटो सापडला आणि त्यांना उगाचच राग आला.

जेवायच्या वेळी त्यांनी फाइल हेमलताबाईंना ऐकवली. हेमलताबाई त्यांच्या पत्नी, बोलायच्या कमी, पण बोलल्या की नेमकं. पडद्यावरची बाई भिंतीवरून सावरून मागे वळली. “अगो चंदना, लागलं न्हाय मला, स्वल्प खरचटलं. तू सोडू नको, पुरा काढ. असलं नीरु पिऊन जगायचं कसं आमी?”

“काय कळलं तुला?” आगाश्यांनी विचारलं.

“सगळं कळलं. म्हणते, लागलं नाही, थोडं खरचटलं, तू काढत राहा, असलं पाणी पिऊन जगायचं कसं. त्यात न कळण्यासारखं काय आहे?”

“पण हे मराठी आहे का?”

हेमलताबाईंनी वाढता वाढता डाव खाली ठेवला. “अहो, आपल्या मंडळाच्या हळदीकुंकवाला असं बोलणाऱ्या चार-पाच जणी येतात. मागच्या रांगेत बसतात.”

“मागच्या का?”

“पुढे बसल्या की आपली माणसं हसतात म्हणून. मागच्या गणपतीत ते खंडोजीराव आभार मानायला उभे राहिले, तेव्हा तुम्हीच तर म्हणालात, आधी मराठी शिकून या. सगळा हॉल हसला. मीही हसले, कशाला खोटं बोलू? शहाजीराजांच्या काळापासून त्यांची घरं इथे आहेत. आपण काल आलो.”

आगाश्यांना ते आठवलं. जरीच्या टोपीतला तो उंच माणूस, त्याचं थांबत थांबत बोलणं, आणि हशा पिकल्यावर कागद घडी करून त्याचं खाली बसणं. म्हणजे ही भाषा त्यांनी ऐकली नव्हती असं नाही. ऐकली होती आणि ती आपली नव्हे असं ठरवून टाकलं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती त्यांनी दिली होती, आणि तीही लाख माणसांसमोर, टाळ्या घेऊन.

दुपारी ते दुरुस्ती लिहायला बसले. ‘नव्याने उपलब्ध झालेल्या माहितीच्या प्रकाशात’ असं लिहिलं. पुसलं. ‘माझ्या विधानाचा विपर्यास झाला’ असं लिहिलं आणि स्वतःचीच किळस आली, कारण याच वाक्यासाठी त्यांनी मागच्या महिन्यात एका मंत्र्याला सोलून काढलं होतं. उठले, बसले, पुन्हा उठले. चॅनल बुडेल. लोक म्हणतील म्हातारा फुटला. ज्यांना आजवर धुतलं ते सगळे रांगेत उभे राहतील. आणि मग पडलो तरी नाक वर या न्यायाने त्यांना एक कल्पना सुचली. आपण तिथे जायचं. बाईंना शेजारी बसवायचं, मुलाखत घ्यायची. चूक मान्य करायची, पण अशी की बघणाऱ्याने म्हणावं, वा, काय माणूस आहे! कल्पना सुचताच त्यांना जरा बरं वाटलं. रिक्षा बोलावली, छोटा माईक खिशात टाकला आणि निघाले.

गल्लीच्या तोंडाशीच वास आला. चंदना रजा टाकून थांबली होती, ती त्यांना आत घेऊन गेली. दोन खोल्यांचं स्वच्छ घर. सकवारबाई उंबऱ्यापाशी उभ्या होत्या. व्हिडिओतल्यापेक्षा ठेंगण्या, कोपरावर वाळलेली खपली.

“या अण्णा, बसा,” त्या म्हणाल्या.

आगाशे बसले. मराठी घरात पाहुणा टेकतो न टेकतो तोच पाण्याचा तांब्या पुढे येतो. इथे काही आला नाही. आगाश्यांनी मनात म्हटलं, बरोबर आहे, आपली तेवढीच लायकी. त्यांनी माफी मागितली. नीट मागितली, पण जरा जास्त शब्दांत. मूळ फाइल, फॉरवर्ड, पिक्सेल असं बरंच काही त्यात आलं. सकवारबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

“सरी,” त्या म्हणाल्या. ठीक आहे. मग पदराशी चाळा करत हळूच म्हणाल्या, “नीरु विचारलं न्हाय म्हणून मनात धरू नका, अण्णा. देण्यासारखं घरात न्हाय. लेक कॅन आणायला गेलाय. या घरात पाहुणा असा कोरडा कधी बसला न्हाय.”

त्यांचा चेहरा शरमेने उतरला होता. आगाश्यांना भडभडून आलं. शरम वाटायला हवी होती ती कुणाला, आणि वाटत होती कुणाला! पण सवय मोठी वाईट. त्यांचा हात खिशातल्या माईककडे गेलाच.

“मावशी, तुम्ही माझ्याशेजारी बसा. मी विचारतो, तुम्ही तुमच्या भाषेत बोला. लोकांना दिसू दे तुम्ही खऱ्या आहात ते.”

“बेडा,” सकवारबाई म्हणाल्या. नको.

“अहो, पण पुरावा…”

“मी हाय, याचा पुरावा कुणाला देऊ? गल्लीला ठाऊक हाय. मला खोटी म्हणताना तुमी मला विचारायला आलात काय? न्हाय. मग चुकलो म्हणायला माझं तोंड कशाला लागतंय?”

आयुष्यात पहिल्यांदा आगाश्यांकडे एकही मुद्दा नव्हता.

ते उठून बाहेर पायरीवर जाऊन बसले. माईक लावला नाही, केसांवरून हात फिरवला नाही. फोन समोर धरला आणि बोलले.

“मी सुहास आगाशे. सोमवारी मी एका बाईंना बनावट म्हटलं. त्या खऱ्या आहेत. व्हिडिओ खरा आहे. त्या मराठीच बोलत होत्या. ते मराठी मी यापूर्वी ऐकलं होतं आणि हसलो होतो, म्हणून मला ते माणसाचं वाटलं नाही. मी चुकलो. माझ्यामुळे या गल्लीतल्या पाण्याची तपासणी थांबली. पाणी तपासा.”

पुढे आणखी काही बोलावं असं त्यांना फार वाटलं. बोलले नाहीत. व्हिडिओ टाकला.

पहिली कमेंट लगेच आली. ‘किती मिळाले काका?’ दुसऱ्याने म्हटलं, धमकी आली असणार. तिसऱ्याने चॅनलला रामराम ठोकला. मग पक्षाची फौज उतरली आणि पडदा भराभर सरकू लागला. आगाश्यांचा अंगठा वळवळला. एकेकाला उत्तर द्यावं, मुद्देसूद द्यावं, पार उभं-आडवं करावं. त्यांनी पहिलं वाक्य टाइप केलंसुद्धा. एवढ्या माणसांत आपल्या बाजूने एक तरी आहे का ते ते शोधत होते.

सकवारबाई चपला घालून दारात येऊन उभ्या राहिल्या. फोनमध्ये काय चाललंय ते त्यांनी विचारलं नाही.

“आता येतील काय सॅम्पल न्यायला?”

“माहीत नाही, मावशी,” आगाशे म्हणाले. खरोखरच माहीत नव्हतं. लोक शिव्या देत होते, पण पाण्याबद्दल एकानेही विचारलं नव्हतं.

“मग ते ठेवा आन् उठा. पाण्याचं ऑफिस अजून उघडं असेल.” त्या पायरी उतरल्या आणि वळून म्हणाल्या, “मी गेले की म्हणतात, कुठली बाई? तुमचं तोंड तिथे सगळे ओळखतात.”