सोनूवयनीच्या खळ्यातलं गाऱ्हाणं

मी रावजी. शिमग्यात ग्रामदेवीची पालखी घरोघर फिरते, तेव्हा प्रत्येक घरापुढच्या खळ्यात देवीला गाऱ्हाणं घालायचं काम माझं. तीस वर्षं झाली. मी बोलायचं, गावाने "होय महाराजा" म्हणायचं. आणि देवीपुढे खोट्याला होय म्हणायची आमच्यात कुणाची छाती नाही.

यंदा आदल्या दिवशी सोनूवयनी आली. "भावजी, उद्या पालखी माझ्याकडे नको. पुढे न्या."

"का गो? सूतक आहे?"

"सूतक फिटतं तरी. सरकारचा कागद आलाय."

वयनीचा नि महिपतचा एकुलता एक सुजय रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होता. गेल्या साली तिकडे उत्तरेत गाडीवर गाडी आदळली. चौसष्ट माणसं गेली, त्यात आमचा सुजय. अख्खा देश हळहळला. चौकशी समिती बसली, आणि परवा अहवाल आला. ड्रायव्हरने सिग्नल तोडला म्हणे. झालं, मिटलं!

गाव काय गप्प बसतंय? एसटीत, दुकानात, विहिरीवर एकच बोलणं, चोर सोडून संन्याशाला फाशी. मेलेला माणूस उलट बोलत नाही ना! आणि ही आमची खुळी बाई मात्र तो कागद खरा धरून बसलेली.

"त्याच्या हातून चौसष्ट घरं बुडाली, भावजी. असल्या घरात देवी कशी घेऊ?"

माझं डोकंच फिरलं. "आणि त्याचा फोन गो? दर रविवारी यायचा तो?" वयनीला कमी ऐकू येतं, म्हणून फोन स्पीकरवर. सुजयचं बोलणं ऐकायला अर्धी वाडी पडवीत. तो म्हणालेला, "आई, इथल्या एका सिग्नलचा भरवसा नाही. दोनदा लिहून दिलंय मी."

"सांगितलं ना मी चौकशीच्या साहेबांना. लिहूनही घेतलं त्यांनी. पण कागदात नाही आलं. म्हणजे मीच चुकीचं ऐकलं असणार."

"बहिरी तू आहेस, वयनी. आम्ही नाही!"

ती निघून गेली. मला रात्रभर वाईट वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी तिचं खळं सारवलेलं नव्हतं, दार बंद. ढोल थांबले. कुणी म्हणालं, पुढे चला. मी म्हटलं, कोण पुढे जातो तेच बघतो. आणि गाऱ्हाणं सुरू केलं.

"हे आई, तुझी पालखी ह्या खळ्यात आली आहे..."

"होय महाराजा!"

"ह्या घरच्या लेकराने सांगितलं, सिग्नलचा भरवसा नाही. दोनदा लिहून दिलंय म्हणाला. ते आम्ही आमच्या कानांनी ऐकलं..."

मग एवढा मोठा होय उठला, की पालखी धरणारेही हलले.

"चूक कुणाची ते तू जाण, आम्हाला ठाऊक नाही. पण आम्ही ऐकलं ते कागदात आलं नाही, म्हणून तुझ्या कानावर घालतो..."

"होय महाराजा!"

कडी वाजली. वयनी दारात उभी. हातात ओटी नाही, काही नाही.

"भावजी, तुम्ही नाव नाही घेतलंत."

खरंच नव्हतं घेतलं. पेपरात ठपक्यासोबत छापलेलं ते नाव घ्यायला माझाच धीर झाला नव्हता. मी घसा खाकरला.

"महिपतच्या सुजयने, आई... आमच्या सुजयने सांगितलं होतं..."

पुढे मला बोलवेना. गावही थांबलं. होय महाराजा म्हणाली ती एकटी सोनूवयनी.