आधी कोण बोलणार

"तिकडं कोबी माना टाकतोय आणि तुम्ही इथं कागद रंगवत बसलाय!" बायकोनं दारातूनच तोफ डागली.

पुढारी जमिनीवर पालथा पडून भल्या मोठ्या कागदावर हिरव्या पेनानं गोल काढत होता. एका गोलात 'पाट', दुसऱ्या गोलात 'लोक'. मधला बाण लोकांकडून पाटाकडं न्यायचा की पाटाकडून लोकांकडं, इथं त्याचं घोडं अडलं होतं.

"नियोजन चाललंय," तो म्हणाला.

"नियोजनानं भिजतो का कोबी? मग ओता दोन बादल्या."

पुढारी हे नाव गावानं त्याला गेल्या आठवड्यात ठेवलं. त्याआधी तो नुसता लांब्या होता. शहरात तीन दिवसांचं नेतृत्व शिबिर होतं, गावातून एक माणूस पाठवायचा होता, आणि त्या दिवशी रिकामा असा तोच सापडला. परत आला तो गळ्यात बिल्ला, काखेत लोकसहभागाची दोनशे पानी पुस्तिका आणि डोक्यात हवा घेऊन.

शुक्रवारी धरणातून पाणी सुटणार होतं, आणि गावचा पाट गाळानं आणि गवतानं तुंबला होता. पाटाच्या तोंडाशी गवंड्याचं शेत. त्याला पाणी कसंही मिळायचं. पुढाऱ्याचं शेत अगदी शेपटाला. तिथं दोन वर्षं थेंब पोचला नव्हता. यंदा शहाण्यानं विहिरीच्या भरवशावर अर्धा एकर कोबी लावला आणि विहिरीनं तळ दाखवला. शुक्रवारचं पाणी हुकलं तर कोबी गेलाच.

सोमवारी संध्याकाळी त्यानं शाळेच्या पडवीत सभा बोलावली. तीसेक माणसं आली. कागद भिंतीला चिकटवून पुढारी खुर्चीवर बसला आणि गप्प राहिला.

आता या गावाची एक जुनी खोड होती. सभेत जो आधी तोंड उघडेल, काम त्याच्या गळ्यात. मागं एकदा न्हावी "शाळेचं छप्पर गळतंय" एवढंच बोलला आणि चार दिवस कौलांवर चढून बसला. तेव्हापासून सभा म्हणजे मौनव्रत. पुढाऱ्याचा जन्म याच गावात गेलेला, त्याला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण पुस्तिकेत छापलं होतं, संशोधनातून असं दिसून आलंय की खरा नेता सगळ्यांचं ऐकून शेवटी बोलतो. छापलेलं दिसलं की याची अक्कल गहाण पडायची.

अर्धा तास गेला. लोक त्याच्याकडं बघत होते, तो लोकांकडं बघत होता. शिंपीण शिंकली, तशा तीस माना तिच्याकडं वळल्या. बिचारीनं दोन्ही हात हलवून खुणेनंच सांगितलं, की हे बोलणं नव्हतं! गावातल्या सगळ्यात वयस्क काकांनी डोळे मिटून घेतले. शेवटी बोलायची पाळी यायला आधी कुणीतरी बोलावं लागतं, हे पुस्तिकेत कुठंच नव्हतं.

पुढाऱ्याला कोबी दिसायला लागला. एकेक सरी, पिवळी पडलेली. आणि त्याचा धीर सुटला.

"माझा कोबी मरतोय," तो म्हणाला. "लोकसहभाग वगैरे काही नाही. माझं शेत शेवटाला आहे म्हणून ही सभा. पाट उपसणं मला एकट्याला जमणार नाही. मदत पाहिजे मला."

"ठरलं!" काकांनी मांडीवर थाप मारली. "पाट लांब्याकडं!"

बघता बघता पडवी रिकामी झाली. पुढाऱ्यानं कागद सोडवला. त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली.

सकाळी तो फावडं घेऊन पाटात उतरला. बायको घमेलं घेऊन मागं. ती काहीच बोलत नव्हती, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. ऊन तापेपर्यंत वीस पावलं पाट मोकळा झाला आणि पुढाऱ्याच्या तळहातांना चार फोड आले.

मग गवंडी आला. काही न बोलता खाली उतरला आणि गाळ उपसायला लागला. मागून न्हावी आला, शिंपीण आली, दुपारनंतर काकासुद्धा खुरपं घेऊन आले. तोंड कुणीच उघडलं नाही. न जाणो, बोललं आणि मुकादमकी गळ्यात पडली तर! तीन दिवस नुसता फावड्यांचा आवाज.

शुक्रवारी दुपारी पाणी शेपटाला पोचलं. गढूळ, पालापाचोळा घेऊन आलेलं, पण पाणी. पुढाऱ्याचे डोळे भरून आले. गवंडी बांधावर पाय धूत होता.

"तुझं शेत तर पहिलं," पुढारी म्हणाला. "तू कशाला आलास?"

"गावात जो तो म्हणतो, पाट साफ झाला पाहिजे. झाला पाहिजे म्हटल्यावर जायचं कुणी? तू म्हणालास, मला जमत नाही. मग काय घरी झोपून राहू?"

"एवढंच?"

"एवढंच. आणि तुला फावडं धरता येत नाही, हे मी लहानपणापासून बघतोय."

पुढारी तळहातांवरचे फोड बघत उभा राहिला.

"अहो!" पलीकडून बायको ओरडली. "उभे काय राहिलात? बांध फुटतोय, पाणी वळवा!"

तो धावला. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्याच्या शेतात पाणी जास्त झालं होतं.